डावा खांदा

खुर्ची हलकी आहे.
सुताराने ती अॅल्युमिनियमच्या नळ्यांची केली,
वरून बांबूचा रंग दिला, पेरांसकट.
तरी दिग्दर्शिका अंधारातून ओरडते,
"वाका अजून! ओझं दिसत नाहीये."
मग आम्ही चौघं वाकतो :
मी, माझा मावसभाऊ कालोंजी,
नर्सिंग शिकणारा बुरुंडीचा एक पोरगा,
आणि माणूस कमी पडला म्हणून डाकारचा बूबकर,
ज्याच्या गावावर राज्य होतं दुसऱ्याच झेंड्याचं.
गेंटच्या प्रेक्षकांना
चार पाठी सारख्याच दिसतात.

वर बसतो वाउटर. जिल्ह्याचा साहेब.
भला माणूस.
तालमी सुरू झाल्यापासून त्याने पाव सोडलाय, बिअर सोडलीय.
रोज उतरल्यावर हळूच विचारतो,
"आज कमी वाटलो का रे?"

त्याचं स्वगत नऊ मिनिटांचं.
आम्हाला एकही वाक्य नाही.
संहितेत आमच्यासाठी फक्त
कंसातली एक ओळ : धापा टाकतात.

आजोबांना मी सांगितलं नव्हतं. कुणीतरी सांगितलंच.
त्यांनी सदऱ्याची वरची दोन बटणं काढली.
डाव्या खांद्यावर खळगा,
चमचाभर पाणी राहील एवढा.
कोपऱ्यातला झाडू उचलून म्हणाले,
"उजवा पाय आधी. खांदा बदलताना गायचं.
गाण्यात त्याला घालायच्या मनसोक्त शिव्या.
भाषा कळायची नाही त्याला,
ताल आवडायचा.
बोटाने ठेका धरायचा खुर्चीवर."
आणि गायले दोन ओळी,
आईने घाईघाईने दार लावलं.

शुक्रवारी, चौथ्या प्रयोगाला,
सहाव्या मिनिटाला वाउटर थांबला.
मला वाटलं, अभिनय.
मग नळीतून हाताला थरथर कळली.
विंगेतली बाई पानं उलटत होती, चुकीची.
सभागृहात कुणी खोकलं.

ते वाक्य मला पाठ होतं.
दोन महिने खालून ऐकलंय :
यांना थकवा ठाऊक नाही, देवाने यांची कातडी जाड केली.

मी थांबलो.
एक श्वास. दुसरा.
काहीही पुटपुटता आलं असतं मला,
आजोबांच्या त्या दोन ओळीसुद्धा.
भेदरलेल्या माणसाने
मोठ्याने म्हणून टाकल्या असत्या त्याने, ठेक्यासकट.
तिसरा श्वास.

"यांना थकवा..." मी खालून म्हणालो.
"यांना थकवा ठाऊक नाही," वरून आवाज आला, खणखणीत,
आणि नाटक पुढे गेलं.

नंतर बारमध्ये त्याने मला मिठी मारली,
"वाचवलंस," म्हणाला, आणि दोन महिन्यांची पहिली बिअर प्यायला.
मीही प्यायलो.

घरी आजोबा जागे होते.
"साहेब मध्येच विसरला," मी म्हणालो.
हसता हसता त्यांना ठसका लागला.
पाणी दिलं, पाठ चोळली,
हात त्या खळग्याशी गेला तो काढला नाही.
"मग?" डोळे पुसत ते म्हणाले,
"कुणी आठवण करून दिली?"