इद्वल प्रॉसरच्या घरचा दाब

ट्रेहर्बर्टची सगळ्यात वरची गल्ली, जिथून बस वळून परत जाते,
तिथून या हिवाळ्यातला चौथा फोन.
"येतेस का गं? पुन्हा गारठलंय घर."
इद्वल प्रॉसर. वय एक्याऐंशी. आवाज किसणीवरून उतरलेला.

मी बॉयलरचं झाकण काढते. काटा शून्याला टेकलेला.
दाब नसला की यंत्र पेटायला नकार देतं,
आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

पहिल्या खेपेला वाटलं होतं,
भिंतीबाहेरची ती पांढरी, ठिबकणारी नळी गोठली असेल.
तिच्यावर कोमट पाणी ओतलं, उकळतं नव्हे;
उकळत्यानं नळी तडकते हे मला बापानं शिकवलं,
बापाला एका तडकलेल्या नळीनं.
दुसऱ्या खेपेला लाल टाकी, तिच्यातला रबरी पडदा:
सायकलच्या पंपानं हवा भरली. शाबूत.
तिसऱ्या खेपेला जिन्याजवळच्या फळ्या उचकटून
दातात टॉर्च धरून पोटावर सरपटले.
ओल नाही. सांध्यांवर हिरवी बुरशी नाही.
मिळाला फक्त पितळेचा बिल्ला, नंबर सहाशे सतरा.
"अरेच्चा," इद्वल म्हणाला,
"हा हरवला म्हणून खाणीवर माझा अर्धा रोज कापला होता."

मग पाणी जातं कुठे?

चौथ्या दिवशी बर्फ इतका पडला की गाडी निघेना.
त्याने चहा केला, कपात बशी बुडेल एवढा.
आठ वाजले.
तो उठला, जाकिटाच्या खिशातून चिमुकली चावी काढली
आणि एकेका रेडिएटरपुढे वाकू लागला.
पाव फेरा. फिस्स.
कान लावून थांबायचं. मग काळं पाणी थुंकलं की
ते जुन्या मगात धरायचं आणि चावी बंद.
वरच्या मजल्यावर जाताना दोनदा थांबला,
एकदा कठड्यासाठी, एकदा श्वासासाठी.

"घरघर लागते यांच्या छातीत," तो म्हणाला,
"मला ऐकवत नाही. असं कुणाला झोपू द्यायचं?"

एकतीस वर्षं कोळशाच्या तोंडाशी काढलेला माणूस.
त्याच्या प्रत्येक वाक्याला मध्येच एक पायरी लागते.

मी सांगितलं. सांगावंच लागलं:
हवेबरोबर रोज थोडं पाणी जातं, म्हणून काटा पडतो.
मग मी येऊन ताजं पाणी भरते.
ताज्या पाण्यात ताजी हवा. ती लोखंड खाते,
त्याचा गाळ होतो, वायू होतो, पुन्हा घरघर.
"म्हणजे औषधच दुखणं," तो म्हणाला.
"तुमचं एकट्याचं नाही. माझंही."

दुसऱ्या दिवशी सगळं रिकामं केलं.
सात बादल्या, शाईसारख्या.
एका बादलीत त्याने बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं,
ओळखीचं माणूस भेटावं तसा हसला.
परतीच्या नळीवर चुंबक बसवला, गंज रोखणारं औषध घातलं,
पंप तीनवरून एकवर आणला, दाब दीडवर.
ज्योत निळी आहे ना, दोनदा पाहिलं;
पिवळी असती तर तिथेच गॅस तोडला असता.
चावी मागितली नाही. वही दिली:
रोज आठ वाजता काटा बघायचा, लिहायचा. हात नाही लावायचा.

फेब्रुवारीत पाचवा फोन. माझ्या पोटात गोळा.
"काटा?"
"दीड. रोज दीड. लिहायचा कंटाळा आला."
"रेडिएटर?"
"वरून खालपर्यंत गरम."
"मग बिघडलं काय?"

बराच वेळ तारेत नुसता त्याचा श्वास.

"काही वाजतच नाही गं घरात.
रात्रभर फक्त माझीच घरघर ऐकू येते."

पंपाला तीन वेग असतात, मी म्हटलं.
उद्या येते. दोनवर ठेवून बघू.