दिसण्याचं माप

दुकान बंद व्हायला दहा मिनिटं असताना
वीत्से आला, दुधाच्या टँकरचा ड्रायव्हर.
पायपुसण्यावर बूट घासत राहिला
गरजेपेक्षा बराच वेळ.
म्हणाला, जाकीट हवंय. सायकलीवर घालायचं.

वीत्से आणि सायकल!
अख्ख्या फ्रीसलँडमध्ये सायकलवाल्यांना
मोठ्यानं शिव्या घालणारा तो एकटाच.
माप विचारलं, तर हात नेला
स्वतःच्या हनुवटीपाशी:
एवढी उंच. बारीक. खांदे रुंद.
म्हणजे शाउक्ये, आमची सुईण.
रात्री-अपरात्री बंधाऱ्यावरून जाणारी
तीच एक.

मी विचारलं नाही. माझं नेहमीचं सुरू केलं.
हे बघ, वजन. तराजूवर ठेवलं,
अठ्ठ्याण्णव ग्रॅम, दोन अंडी याहून जड.
मुठीत मावतं, सीटखाली बांधून विसरून जायचं.
आता कापड तोंडाला लाव आणि फुंकर मार.
त्यानं मारली. फुगले ते त्याचेच गाल.
मग बाहीवर ग्लासभर पाणी ओतलं,
ते ओघळलं थेट माझ्या हिशेबाच्या वहीवर.

तासभर टिकेल, म्हटलं, खोटं कशाला बोलू,
दोन तासांच्या पावसात भिजणारच ती.
पाण्याला जे अजिबात आत घेत नाही
ते घामालाही बाहेर सोडत नाही,
आणि आपल्याकडे डोंगर नसले
तरी समोरचा वारा हाच आपला घाट.
पाठ लांब बघून घे, चिखल उडतो.
सैल मात्र नको.
कापड कानाशी फडफडत राहिलं
की मागून येणारी गाडी ऐकू येत नाही.

तो जिपरकडे बघत राहिला.
उघडी, बंद. उघडी, बंद.

पिवळं ने, मी म्हटलं, सगळे पिवळंच नेतात.
मे महिन्यात? तो म्हणाला.
बंधाऱ्याखाली रेपसीड फुलतं तेव्हा?
बावीस वर्षं जाकिटं विकतेय मी.
हे मला सुचलं नव्हतं.

तू घाल, म्हणाला. पुलापर्यंत जा.
गेले. पाऊस आडवा, कालवा काळा.
त्यानं टँकरचे दिवे लावले.
आधी पिवळं, मग नारिंगी,
मग ते महागडं, पाठभर चंदेरी पट्ट्यांचं.
दर वेळी खिडकीतून ओरडायचा:
चमकतंय! पण फाटकही चमकतं!
परत ये!
परत जा!

शेवटी नारिंगीच्याच मनगटांना
आणि माझ्या घोट्यांना त्यानं पट्ट्या गुंडाळल्या.
पाय हलव, म्हणाला, पेडल मारतेस तसे.
चोपन्न वर्षांची मी,
पुलाच्या कठड्याला धरून, एका पायावर,
नसलेली सायकल चालवत होते पावसात.
पलीकडच्या घरात कुणीतरी पडदा सरकवला.

दिवे विझले.
बराच वेळ तो खाली उतरला नाही.

मी काचेवर टकटक केली तेव्हा म्हणाला,
आता माणूस वाटतो.
आणि मग, स्टिअरिंगला सांगावं तसं:
मंगळवारी मला खांब वाटला होता.
अगदी जवळ आल्यावर
खांबानं मान वळवली.

त्यानं रोख पैसे दिले. पावती नको म्हणाला.
तिला सांग, कुणीतरी परत केलेलं, पडून होतं.

शाउक्ये शनिवारी आली. आरशासमोर तोंड वाकडं केलं.
नारिंगी मला मेलं कधीच शोभलं नाही.
बाह्या ओढल्या, पुरल्या.
दोन्ही हात वर केले, कंबर झाकलेलीच राहिली.
कोण ती, म्हणाली, परत करणारी?
माझ्याच मापाची दिसतेय.

मी मनगटाची पट्टी घट्ट करत होते.
या पट्टीला स्वतःचा उजेड नसतो.
कुणाचा तरी पडावा लागतो.
असं काही मी तिला बोलले नाही.
म्हटलं, धुताना साबण कमी वापर,
आणि इस्त्री अजिबात नको.