एकास एकशेवीस

पलंग विकला, खोली मोकळी झाली.
कमरेइतक्या उंचीवर चार मीटर फळ्या टाकल्या,
रूळ एकास एकशेवीस प्रमाणात,
दोन बोगदे, बिअरचा एक कारखाना,
आणि क्वेताची झोफी.
कासवाला दुसरी जागा नव्हती.
स्वयंपाकघराची फरशी गार पडते,
आणि क्वेता गेल्यापासून ती टेबलाखालून बाहेरच येईना.

पहिल्याच आठवड्यात तिनं जंगल खाल्लं.
वाळलेल्या शेवाळाची चाळीस झाडं,
चिमट्यानं एकेक लावलेली.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हेयडुकसाहेब, गोंदही गेलाय पोटात,
थांबून बघू.
दोन रात्री मी बघत बसलो.
तिसऱ्या दिवशी जंगल मालधक्क्यावर सापडलं,
जवळजवळ जसंच्या तसं.

मग खरंच पेरलं.
ट्रेमध्ये माती, क्लोव्हर, डँडेलियन,
फुलं माझ्या घरांच्या धुराड्यांहून उंच.
ती कुरण चरते, कुरण पुन्हा येतं,
कधीमधी एखाद्या घराचं कुंपणही जातं.

तिला ऊन लागतं. फलाट क्रमांक एकवर दिवा टांगला.
तिथे सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत भर दुपार असते.
प्लास्टिकचा स्टेशनमास्तर
जूनपर्यंत गुडघ्यात वाकला.
बदलला नाही.
मीही असाच उभा राहतो हल्ली.

कासवाच्या गतीनं, असं लोक सहज म्हणून जातात.
एका रविवारी मी घड्याळ लावलं.
मीटरभर अंतर, अठरा सेकंद.
गुणिले एकशेवीस: ताशी चोवीस किलोमीटर!
आमच्या शाखामार्गावर दगड नेणारी मालगाडी
चढावर एवढी कधी धावली नाही.
लांबी तेवीस मीटर,
म्हणजे अख्खा प्रवासी डबा,
चार पायांचा, वेळापत्रकात नसलेला.

खालच्या दुकानातली थुई, वय नऊ,
आईनं दिलेली उरलीसुरली कोथिंबीर घेऊन वर येते.
विचारते, फलाटावरच्या माणसांना झोफी काय वाटत असेल?
राक्षस?
मी म्हणालो, नाही. हवामान.
आलं की थांबायचं, गेलं की निघायचं.

नियम एवढाच आहे. ती रुळावर आली की सगळे सिग्नल लाल.
थुई खटके ओढते, मी घंटा वाजवतो,
बर्लिनची एक्सप्रेस पुलावर उभी,
खिडकीत रंगवलेली बाई तशीच वाचत बसलेली.
झोफी रूळ ओलांडते, मध्येच थांबते,
मान वर करून
कशाचा तरी विचार करते किंवा करत नाही.

असं मी एकदा खरंच केलं होतं.
चौऱ्याऐंशीचा नोव्हेंबर, नदीकाठची केबिन,
हानाकोव्हा बाईंची बदकं रुळांत घुसली, साठेक तरी.
एक्सप्रेस नऊ मिनिटं अडवली.
नोंदवहीत लिहिलं: धुकं.
चौकशी झाली. त्या दिवशी लख्ख ऊन होतं.
तीन महिने बोनस गेला.
क्वेता हसली होती, इतकी,
की हातातली सुई खाली पडली आणि आम्ही दोघं जमिनीवर बसून शोधत राहिलो.
शिवणयंत्र अजून आहे. ते विकलं नाही.

नोव्हेंबरात झोफी खाणं सोडते.
मग दिवा रोज थोडा कमी,
मग पेटी, बीचची कोरडी पानं,
तळघर, पाच अंश.
वर सगळ्या गाड्या वेळेवर धावू लागतात.
अगदी वेळेवर.
मला ते सोसत नाही. रात्री उठून
उगाच एखादा सिग्नल लाल करून ठेवतो.

ती त्रेपन्न वर्षांची, मी चौऱ्याहत्तर.
हिशोब करायला सिग्नलमन असावं लागत नाही.
प्रत्येक खटक्याखाली नाव लिहून चिकटवलंय,
मोठ्या अक्षरात, थुईला वाचता येईल असं.
दिव्याचा बल्ब कुठला, माती कुठून आणायची, तेही.

दर पंधरा दिवसांनी आम्ही दोघं तळघरात उतरतो,
पानं बाजूला करून तिला काट्यावर ठेवतो.
एक किलो तीनशे ऐंशी होती,
काल तीनशे शहात्तर.
डोळे मिटलेले, पाय आत, दगडासारखी गार.
थुई कुजबुजत आकडा म्हणते
आणि वर येऊन वेळापत्रकातच लिहिते,
उशिरा धावणाऱ्या गाड्यांच्या रकान्यात.