हार्डवेअरच्या दुकानाचं कॅलेंडर

जहाज गोदीत आलं तेव्हा त्याच्या पोटात
ट्रक शिरेल एवढं भगदाड होतं.
सुरुंगाचं काम. आम्ही वेल्डर तीन पाळ्यांत,
दुबईचा मे महिना,
मुखवट्याच्या काचेला आतून घाम.

महिनाअखेरीस एका पोरगेल्या खलाशाने
हे कॅलेंडर दिलं. ओहायोत त्याच्या मामाचं दुकान,
वर हातोडी, खाली फोन नंबर.
जानेवारी ते मे आधीच फाडलेले.
कँपात खाटेच्या डोक्याशी मी अमेरिकेचं
उरलेलं अठ्ठ्याऐंशी साल टांगलं.

जूनला मिसिसिपी: दुथडी, वर पांढरी आगबोट.
रेडिओ म्हणाला, नदी आटलीय,
पडाव गाळात रुतलेत.
मी पुन्हा चित्राकडे बघितलं. पाणी होतं.

ऑगस्टला यलोस्टोनचं रान, हिरवंगार.
रेडिओवर तेच रान जळत होतं, आठवडेच्या आठवडे.
फोटो काढणारे नेहमी आधी येऊन जातात.

मधला जुलै मी गाळला.
सांगतो.

चार तारखेच्या चौकटीत नखाएवढा झेंडा छापलेला.
तीनच्या चौकटीत काही नाही.

नाइफमध्ये केरामत लारीची भट्टी.
त्या रविवारी त्याने पहाटे पीठ मळलं,
ओलं फडकं टाकलं, विमानतळावर गेला.
बंदर अब्बासहून बहीण येणार होती, दोन पोरं घेऊन.
अठ्ठावीस मिनिटांचं उड्डाण.
भट्टी तापायलाही याहून जास्त लागतात, असं तो हसून म्हणालेला.

खाली आखातात अमेरिकेची युद्धनौका होती.

संध्याकाळी गेलो तर दार उघडं, आत कोणी नाही.
पीठ परातीबाहेर येऊन
ओट्यावरून खाली ओघळत होतं, फुगतच होतं.
मी ते गोळा केलं. कुणीतरी करायला हवं होतं.

ती नौका दुसरी. मला माहीत आहे.
आमचं जहाज एव्हाना दुसऱ्या जहाजाच्या पाठीवर बसून
घरच्या वाटेला लागलेलं.
पण आरमार तेच, आणि माझ्या जोडाला
तपासनीसाने खडूने बरोबरची खूण केलेली.
त्या ओव्हरटाइमवर हर्णैच्या विहिरीला पंप बसला.
बायकोने लिहिलं, पाणी गोड आहे.

सप्टेंबरात त्यांचं यान अडीच वर्षांनी पुन्हा वर गेलं.
नोव्हेंबरात निवडणूक; आमच्या खोलीतला मर्दानचा पठाण
पैज जिंकला, डबाभर खजूर.
डिसेंबरात, नाताळला चार दिवस असताना,
त्यांचं विमान पडलं, स्कॉटलंडमधल्या एका गावावर.

केरामतने रेडिओ बारीक केला.
"गावाचं नाव काय म्हणाले?"
सांगितलं. त्याच्या जिभेला जमेना. पुन्हा विचारलं.
तिसऱ्या खेपेला नीट म्हणाला,
आणि भट्टीच्या भिंतीवर पुढची रोटी थापली.

पानं जाड होती; महिना सरला की त्याला द्यायचो,
रोट्या गुंडाळायला. मिसिसिपी गेली, यलोस्टोन गेलं.
जुलै नाही दिला.
तीनच्या चौकटीत मी पेनने लिहिलंय:
पीठ, अंदाजे नऊ किलो.