दोन बोटं

हिलाल कोळीचे अकरा सीझन
माझ्या डाव्या तळव्यात आहेत.
अंगठ्याखालचं हाड अजून थंडीत बोलतं.

भुसावळात बेसबॉल म्हटलं की लोक विचारायचे,
"मंग स्टंप कोठे शेतस?"
रेल्वे ग्राउंडच्या कडेला
मी उकिडवा, तो मातीच्या उंचवट्यावर,
मधे साठ फूट ऊन.

दोन बोटं म्हणजे वळता चेंडू.
मी मांडीआड दाखवायचो,
तो मान हलवायचा: नाही.
पुन्हा दोन. नाही.
मग स्वतःच्या मनाचाच टाकायचा सुसाट सरळ
आणि समोरची बॅट नुसती वारा घालायची.

लुधियान्याला सातव्या डावात
त्याच्या खांद्यातून आवाज आला,
तुरीची वाळली शेंग तडकावी तसा.
साठ फुटांवरून मला ऐकू आला.
मी तरी दोन बोटं दाखवली.
त्या दिवशी तो हो म्हणाला.

आता सावद्याला केळीच्या काट्यावर असतो,
घड डाव्या हातानं उचलतो.
भेटलो की चहा, पोरांची चौकशी,
रावेरच्या भावाची.

परवा बाकावर बसल्या बसल्या
माझी दोन बोटं आपोआप खाली गेली.
हिलालनं पाहिलं.
एक ट्रक पुरा भरून निघून गेला.
मग त्यानं मान हलवली,
पूर्वीसारखी.