नोंद सतरा

हर्णैच्या बंदरातला बर्फाचा जुना कारखाना
आता पाखरांचा दवाखाना आहे.
लाद्या सरकायच्या त्या उतरणीवर टॉवेल वाळतात.
भिंतींना अजून अमोनियाचा वास येतो,
हवा कुंद असली की जास्त.

मी मंगळवारी जातो, आणि शुक्रवारी.
लिलाव उठला की अर्धी पाटी पेडवे मागून घेतो.
राबिया देते, पैसे घेत नाही,
"ने तुझ्या कावळ्यांना," म्हणते.
कावळे नाहीत ते,
हे सांगायचं मी सोडलंय.

मासा डोक्याकडून भरवायचा.
शेपटीकडून दिला तर खवले उलटे लागतात घशाला.
चोच धरायची, नाकपुड्या मोकळ्या ठेवायच्या,
डोळ्यांवर फडकं,
आणि बोलायचं नाही.

हे शेवटचं मला जमेना.
चाळीस वर्षं जाळी तुणताना मी बोलतच आलोय,
सुईशी, वाऱ्याशी,
कोणीच नसलं तर समोरच्या फाटक्या आसाशी.
डॉक्टर तळवटकर म्हणाल्या,
"हरेश्वरदादा, तुमचा आवाज म्हणजे त्याला मांजर."
तेव्हापासून गप्प.
घरीही थोडा कमीच बोलतो.
द्वारकीला वाटतं, मला काहीतरी झालंय.

माघात एक कुरव आला. वहीत नोंद, सतरा.
दापोलीच्या कॉलेजातली शाहिस्ता वजन लिहीत होती,
दोनशे दहा ग्रॅम.
भरल्या कपाएवढा जीव,
आणि तो कप माझ्या तळव्यात धडधडत होता.

डाव्या पंखात नायलॉन रुतलेलं.
सांध्याशी पिसं नव्हतीच, नुसतं लाल.
मी फडकं धरलं, डॉक्टरांनी कात्री लावली.
बशीत तुकडे पडत गेले,
हिरवे, बोटबोटभर,
आणि एका तुकड्यावर गाठ होती.

अख्खी पाजपंढरी शेवटचा पीळ उजवीकडे ओढते.
माझा बाप डावखुरा.
मी नाही, पण शिकलो त्याच्या हाताकडे बघून,
म्हणून माझ्या उजव्या हाताची गाठही
डावीकडे वळते.
बशीतली वळलेली होती.

मी काही बोललो नाही.
तिथे बोलायचं नसतंच.

तुकडा सदऱ्याच्या खिशातून घरी आला.
धुताना द्वारकीला सापडला.
तिने ताणून पाहिला, "चांगला आहे की," म्हणाली,
आणि दुधीच्या मांडवाची काठी बांधली त्याने.
अजून सुटलेली नाही.

सतराने चार दिवस मासा ओकून टाकला.
पाचव्या दिवशी माझं बोट फोडलं.
शाहिस्ता खूश झाली, वहीत लिहिलं, "चावतो."
मग टब. पिसांत पाणी शिरतं का, ते बघायचं.
आधी तो भिजला, बुडायला लागला, काढला.
आठवड्याने पुन्हा सोडला, तर
पाठीवरून पाणी मोत्यांसारखं, नाही,
मोती कुठे बघितलेत मी,
तव्यावरच्या थेंबांसारखं पळालं.

कर्द्याच्या वाळूवर खोका उघडला.
आम्ही तिघं मागे सरकून उभे.
तो बाहेर आला, टॉवेलावर घाण केली,
एका शिंपल्याला टोचून बघितलं,
इतका वेळ लावला की डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं.
आणि मग उठला.
सुवर्णदुर्गाकडे जाईल असं मला वाटलेलं.
तो वळला परतणाऱ्या बोटींकडे,
तिथे माल काढत होते, तिथे खायला होतं.
त्यातल्या दोन बोटींची जाळी
मीच तुणलेली.

आज बुधवार.
ओट्यावर जाळं पसरलंय, एकवीस ठिकाणी फाटलंय.
सुई भरली, दोरा ओढला,
शेवटचा पीळ डावीकडे. हाताला दुसरं येत नाही.
कापलेली टोकं पूर्वी वाऱ्यावर जायची,
कुठे जायची, मी कधी बघितलं नाही.
आता तेलाच्या रिकाम्या डब्यात टाकतो.

"भरला की काय करणार?" शाहिस्ताने विचारलं.

अर्धाच झालाय अजून.