आकडा मोठ्याने

शनिवारी पाकिटं वाटतात.
माझं हातात पडलं की कळतं,
उघडायच्या आधीच.
जाडीवरून.

वेंगुर्ल्यात, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्याला,
पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही अठरा बायका काजूगर निवडतो.
सतरा जणी बघून,
मी चाचपून.
दोनशे चाळीस नंबरचा गर अंगठ्याच्या पेरावर बसतो,
तीनशे वीसचा घसरतो जरासा.
पाकळी वेगळी, तुकडा वेगळा,
किडका असेल तर नखाला खळगा लागतो.

रंग कळत नाही मला.
पहिल्याच दिवशी सांगितलं होतं,
त्यात लपवायचं काय?
पांढरा, पिवळट, करपलेला,
हे शालन गिरप बघते, माझ्या उजव्या हाताला बसून.
तिचे गुडघे गेलेत.
टोपल्या मी आणते.
एकोणीस पावलं, बाराव्यावर खांब.
(खांबाची आणि माझी ओळख कपाळानं झाली,
आता बरं चाललंय आमचं.)

कामावर घेतलं तेव्हा फोटो काढला होता.
शाल, नारळ, कुणी साहेब,
दोन भाषणं, त्यात माझं नाव एकदाच
आणि तेही चुकीचं. सुनंदा नाही, सुगंधा.
फोटोवाला म्हणाला, ताई, इकडे बघा.
इकडे म्हणजे कुठे, ते कुणी सांगेना.
तो फोटो ऑफिसात लावलाय म्हणे,
मी त्यात भिंतीकडे बघून हसतेय.
शालन म्हणते,
"बरी दिसतंस गो. भिंत पण खूश दिसता."

महिना भरला. पाकीट आलं.
किलोमागे सगळ्यांना जो दर, त्याच्या निम्मा.
विचारलं तर मॅनेजर म्हणाले,
"तुझं तसं चालायचंच, तू येतेस हेच खूप."
हेच खूप.
त्या रात्री जेवताना
बांगड्याचे सगळे काटे जिभेनं बाजूला काढले,
हा एक गेला आत.

मग मी एवढंच मागितलं,
संध्याकाळी माझा डबा काट्यावर ठेवाल
तेव्हा आकडा मोठ्याने सांगा.
मला वहीत वाचता येत नाही ना.
काटेवाला सातार्डेकर वैतागला,
त्याची सवय मुकाट्यानं लिहायची.
तरी म्हणाला एकदाचा,
"सुगंधा मेस्त्री, अठरा किलो चारशे."
शेड गप्प झाली.
पंख्याचा खडखडाट तेवढा.
माझ्यामागे रुक्मा कुबल होती, ती म्हणाली,
"माझो पण मोठ्यान सांग."
मग तिच्यामागची.
मग सगळ्या.

बायका घरी जाताना बोटांवर मोजू लागल्या.
कुणी चुलीमागे कोळशानं रेघा मारल्या,
कुणी मुलाच्या वहीत मागच्या पानावर लिहिलं.
आठव्या दिवशी शालन बसल्या जागेवरून ओरडली,
"मेल्यान माझे काल सतरा सांगल्यान
नि वहीत पंधरा लिवल्यान!"
गुडघ्यांची आठवण न होता
उठून उभी राहिली ती.
टेबल हललं, गर सांडले,
मी खाली बसून वेचत होते
आणि वर सतरा तोंडं एकदम बोलत होती.

त्यातलं अर्धं मला कळलं नाही.
दर हा शब्द कळला.
सुगंधाक पण, हे कळलं.

सोमवारी काट्यावर नवा माणूस येणार आहे,
निवतीचा, कुबड्या घेऊन चालतो, हिशेबाला पक्का.
त्याच्यासाठी काटा हातभर खाली घ्यायचा
की त्याला उंच स्टूल द्यायचं
यावर ऑफिसात दोन दिवस चर्चा चालू आहे.
चालू दे.
फोटोवाल्याला अजून बोलावलेलं नाही.

आज शनिवार.
पाकीट हातात आहे. जाड वाटतंय,
पण दहाच्या नोटा असल्या तरी जाडच वाटतं.
शालन कुजबुजली, उघड.
मागे चप्पल वाजत नाही, बांगडी वाजत नाही,
सगळ्या थांबल्यात.
मी उघडते.
एकेका नोटेच्या कडेवरून बोट फिरवते
आणि मोजते,
मोठ्याने.